हिंगणीचा सांगावा

दिवेलागण झाली की भागीरथा कान देऊन असायची. घासलेटची चिमणी लावून ती कोनाड्यात ठेवते न ठेवते तोच ओसरीवरून सासऱ्याचा आवाज यायचा, "जयवंता कुठी हाय वो?"

"खेळाले गेली मामाजी, शेजारी. येते आत्ता."

"अंधार पडला ना. हाक मार तिले."

"मारते."

एवढ्यावर म्हाताऱ्याचं समाधान व्हायचं. पुंजाजी मग भाकर खायचा, चुलीपाशी हात शेकायचा आणि लेकरासारखा झोपी जायचा. त्या घरात सुखी माणूस कोण म्हटलं तर तोच. जयवंता त्याची थोरली लेक. ती वारली तेव्हा सात वर्षांची होती, आणि त्यालाही आता पस्तीस-चाळीस वर्षं होऊन गेली होती. भागीरथेनं या नणंदेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानंही पाहिलं नव्हतं, कारण तो तिच्या मागून जन्मला. पण गेल्या वर्षभरात त्या मेलेल्या पोरीनं या घरात असा मुक्काम ठोकला होता, की जिवंत पोरीनंही ठोकला नसता.

पुंजाजीचं विसरणं सरळ नव्हतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते निराळं. हा माणूस उलट्या पावलांनी मागे मागे चालला होता. आधी अमरावतीच्या वसतिगृहात शिकणाऱ्या नातवाचं नाव गेलं. मग दर्यापूरचं हे भाड्याचं घर गेलं, 'आपल्या घरी चाला' म्हणून तो सकाळीच काठी शोधायला लागायचा. मग बायकोचं मरण गेलं. आणि एक दिवस बाजारातल्या देवळापुढून जाताना त्यानं वहाणा काढून काखेत घेतल्या, अंग चोरलं आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालू लागला. त्या दिवशी भागीरथेला उमगलं. म्हणजे छप्पन सालही गेलं.

छप्पन साल हे पुंजाजीच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं साल. तोवर तो बोरटेक गावचा येसकर होता. पाटलाच्या दारची काठी त्याच्या हातात. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे चालायचं, गावात मयत झाली की सोयऱ्यांच्या गावी पायी सांगावा न्यायचा, ऊन म्हणायचं नाही की पाऊस म्हणायचा नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ती काठी महादेवराव पाटलाच्या ओट्यावर आडवी ठेवली. "आता हे काम आमच्याच्यानं होनार नाही पाटील, दुसरा मानूस पाहा," एवढंच बोलला आणि पाठ न वाकवता परत फिरला. गावानं पुढे वर्षभर किराणा बंद केला, दळण बंद केलं, पण काठी काही पुन्हा उचलली गेली नाही. त्या एका वाक्यावर पुंजाजीच्या लेकाची मान ताठ झाली होती. आता ते वाक्य जगात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ज्यानं उच्चारलं त्याला सोडून.

तो लेक म्हणजे धर्मपाल मास्तर, भागीरथेचा नवरा. जन्मला तेव्हा धर्मा होता, दीक्षेनंतर धर्मपाल झाला आणि नावाला जागायचं असं त्यानं मनाशी पक्कं केलं. माणूस सोन्यासारखा, पण सोन्यासारखाच न वाकणारा म्हटलं तर सोनार हसेल, लोखंडासारखा म्हणू. रविवारी पुऱ्यातल्या पोरांना जमवून तो पंचशील म्हणून घ्यायचा. त्यातलं चौथं शील, खोटं बोलणार नाही, हे तो इतकं जपायचा की उधार मागायला आलेल्याला 'घरात पैसे नाहीत' असंसुद्धा त्याच्यानं म्हणवत नसे.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी भागीरथा पाण्याला गेली होती आणि म्हाताऱ्यानं तोच प्रश्न लेकाला विचारला. धर्मपालानं जवळ बसून, हात हातात घेऊन, सरळ सांगितलं, "बा, जयवंता कवाचीच वारली. माह्या जन्माच्या आधी."

भागीरथा परत आली तेव्हा म्हातारा दाराच्या चौकटीवर कपाळ आपटत होता. रक्त आलेलं. जणू पोरगी आत्ता, या क्षणी गेली होती आणि अजून घरातच ठेवलेली होती. त्यानं अन्न सोडलं, पाणी सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग केव्हातरी विसरला, उठून बसला आणि दिवेलागणीला विचारलं, "जयवंता कुठी हाय वो?"

अमरावतीचे डॉक्टर दर पंधरवड्याला दर्यापूरला येत. त्यांनी तपासलं. हा मेंदूचाच आजार आहे, भूतबाधा नाही की सोंग नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याचं एक परदेशी नावही सांगितलं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पुढे म्हणाले, "यांचं काळीज फार अशक्त झालंय. असा आणखी एक धक्का हे सोसणार नाहीत."

तेव्हापासून धर्मपालानं मधला मार्ग काढला. बापानं विचारलं की तो मुकाट्यानं उठून बाहेर जायचा. खरं सांगायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. भागीरथेला या मधल्या मार्गाचा राग यायचा.

"तुमाले दोन शब्द बोलाले काय जाते?" ती म्हणायची. "म्हना, बरी हाय, खेळून राहिली. त्या जिवाले तेवढंच पाह्यजे."

"तू म्हनतं ना. बस झालं."

"मी नसली घरात तं? तुमी बाहेर उठून जासान आणि ते पाहत बसतीन दाराकडं. म्हना एकडाव. बरी हाय."

तो म्हणत नसे. शाळेत पाढे न येणाऱ्या पोराला उभं करावं तशी ती त्याला उभं करायची, आणि तो खाली मान घालून उभा राहायचा.

अशात ती फेरी निघाली. आदल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या स्टेशनावर एक म्हातारी सापडली होती. तिला आपलं गाव सांगता येईना, नाव सांगता येईना, कुणी दिलेलं खाता येईना. फलाटावरच बसून बसून ती गेली आणि बेवारस म्हणून तिची माती झाली. ते डॉक्टरांच्या मनाला लागलं. अशा भ्रम झालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी अकोल्याला निदान चार खोल्या बांधाव्यात, म्हणून त्यांनी दर्यापूरच्या पुढाऱ्यांना जमवलं. ठरलं असं की संक्रांत झाली, ज्वारी खळ्यावर आली की दर्यापूरहून अकोल्यापर्यंत पायी जायचं, वाटेतल्या प्रत्येक गावातून घरटी मूठभर ज्वारी मागायची. मूठफेरी असंच तिचं नाव पडलं. मराठे, माळी, बौद्ध, दोन मारवाडी दुकानदार, एक मौलवी, सगळे आले. आणि फेरीचे चिटणीस म्हणून धर्मपाल मास्तर.

"बा सगळ्यांच्या पुढं चालतीन," एक दिवस त्यानं घरी येऊन सांगितलं.

भागीरथा भाकर थापत होती. "काहून?"

"लोकायले दिसलं पाह्यजे ना आजार म्हंजे काय असते. आणि बोरटेकावरून जानार हाय फेरी. ज्या ओट्यावर बानं काठी ठेवली, त्याच ओट्यावर पाटलाचा खुशालराव बाले बसवून चहा पाजतो म्हन्ते. कपबशीत. त्याच्या मायलेही हाच आजार हाय. तो म्हनला, मास्तर, दुखनं काही जात पाहून येत नाही."

खुशालराव चांगलाच माणूस होता, बापापेक्षा फार चांगला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. भागीरथेनं एवढंच म्हटलं, "मामाजीले बोरटेकले नका नेऊ."

"का?"

"ते अजून येसकरच हायेत. त्यायच्या डोक्यात तो ओटा तसाच हाय."

"म्हनूनच," धर्मपाल म्हणाला. "तिथं गेल्यावर आठवंन त्यायले. जागा पाह्यली की आठवते मानसाले." शिकलेला माणूस एकदा चुकायचं ठरवतो तेव्हा त्याच्यापाशी कारणं तयार असतात. भागीरथेनं शेवटी एकच अट घातली, की मी त्यांचा हात धरून सोबत चालीन.

फेरीच्या दिवशी सकाळी बोरटेकचा देवमन मुद्दाम दर्यापूरला येऊन थडकला. हा पुंजाजीचा जुना सोबती, त्याच्यासारखाच वाळलेला. पुंजाजीनं त्याला लगेच ओळखलं, आणि धर्मपालाला वाटलं की सुरुवात तर झकास झाली. भागीरथेला तसं वाटलं नाही. स्वतःच्या लेकाला 'मास्तरसायेब' म्हणणारा माणूस देवमनला ओळखतो, याचा अर्थ काय, तो तिला कळत होता.

पुढे पंचशीलाचा झेंडा, मागे माणसं आणि सगळ्यांत शेवटी ज्वारी गोळा करायची बैलगाडी. दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस वेचून झालेल्या उघड्या पऱ्हाट्या. थंडी होती, पण ऊन चांगलं पडलं होतं. पुंजाजी सगळ्यांत पुढे असा तरतर चालत होता की तरणी पोरं मागे पडत. लोक कौतुक करत होते. म्हातारा पायानं घट्ट आहे म्हणाले. तो कुठल्या कामावर निघाल्यासारखा चालतो आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी बाभळीखाली फेरी टेकली, शिदोऱ्या सुटल्या. पुंजाजीला झोप लागली. धर्मपाल पलीकडे डॉक्टरांशी बोलत होता. देवमन भागीरथेजवळ येऊन बसला. हातातल्या काडीनं तो माती उकरत होता.

"पुंजाजी जयवंताचं नाव घेते म्हन्तात," तो म्हणाला.

"रोज घेतात."

"मी सांगतलं नाही कोनाले आजवर. तुले सांगतो." त्यानं काडी टाकली. "त्या साली पटकी आली व्हती. त्या दिवशी सकाळपासून पोट्टीले उलट्या सुरू झाल्या आन तिकडं पाटलाच्या आत्याबाई वारल्या. पुंजाजीले हुकूम झाला, हिंगणीले सांगावा ने. तो म्हने पोट्टी बिमार हाय, तं ते म्हनले आमी पाहून घेतो, तू जाय. गेला तो. कोन काय पाहून घेते. दुपारच्याले गेली पोट्टी. मंग लोकायनं मले धाडलं, पुंजाजीले आनाले. तो हिंगणीहून येऊन राहिला व्हता, शिवेच्या धोंड्यापाशी गाठ पडली. मले पाहून थांबला. म्हने, पोट्टी कशी हाय?"

भागीरथेनं शिदोरीचं फडकं खाली ठेवलं.

"माह्या तोंडातून खरं निघेच ना वो. मी म्हनलं, बरी हाय. बरी हाय, चाल घरी." देवमननं उपरण्यानं डोळे पुसले. "तो हसत हसत आला माह्यासंगं. वाटेनं तिच्यासाठी बोरं वेचली त्यानं. आन दारात पाहते तं काय. त्यानंतर मले कितीक वर्सं बोलला नाही. एकच बोलला एकडाव. म्हने, देवमन, शिवेवर येऊन कोनी बरी हाय म्हनलं, की समजाचं, गेली."

भागीरथेनं झोपलेल्या सासऱ्याकडे पाहिलं आणि मग पलीकडे नवऱ्याकडे. हे आत्ताच्या आत्ता त्याला सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण तो डॉक्टरांशी बोलण्यात गुंग होता, चार मोठी माणसं भोवती होती, आणि उठून तिथे जाऊन नवऱ्याला बाजूला बोलावणं तिला बरं दिसेना. मुक्कामी सांगू, असं तिनं ठरवलं. या 'मुक्कामी सांगू'नं किती घरं बुडवली असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा बोरटेक दिसू लागलं. गावाच्या तोंडाशी पुंजाजी थांबला. खाली वाकून त्यानं वहाणा काढल्या.

"बा, घाला त्या," धर्मपाल दबक्या आवाजात म्हणाला.

पुंजाजीनं त्याच्याकडे दुसऱ्या कुणाच्या तरी भीतीनं पाहावं तसं पाहिलं. वहाणा काखेतच राहिल्या.

"आपन वरच्या वाटेनं नेऊ यायले," भागीरथा म्हणाली. "गावाबाहेरून."

"अख्खं गाव उभं हाय तिथं. काय सांगू मी लोकायले?"

गाव खरंच उभं होतं. पाटलाच्या दारात सडा घातलेला, ओट्यावर सतरंजी, कपबशांचं तबक. ओट्याच्या एका कोपऱ्यात, खांबाला टेकून, खुशालरावची आई सुभद्राबाई हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. दाणे सुपात टाकायचे ते ती टरफलं सुपात टाकत होती आणि दाणे खाली. खुशालराव पायऱ्या उतरून आला, त्यानं पुंजाजीला हात जोडले. "या काका. वर बसा. आज तुमचा मान."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुंजाजी पायरीशी आला आणि धुळीत उकिडवा बसला.

"काका, वर."

धर्मपालानं त्याला दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला. लेकाची मान लालबुंद झाली होती. म्हातारा दगडासारखा जड झालेला. टाळ्या एकेक करून थांबल्या, आणि त्या शांततेत सुभद्राबाईनं वर पाहिलं.

"पुंज्या," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, घरचं काम सांगणाऱ्या बाईचा. "बसून काय राहिला तू? आत्याबाई गेल्या. हिंगणीले सांगावा ने."

"आई, तू उगी बस," खुशालराव म्हणाला.

पुंजाजी उठला होता. धर्मपालाला इतका वेळ जमलं नाही ते त्या एका वाक्यानं झालं होतं. मान खाली, हात जोडलेले. "जी मायबाई," तो म्हणाला. आणि मग थोडं थांबून, "पोट्टी सकाळपासून ओकून राहिली, मायबाई."

"आमी पाहून घेतो. तू जाय. मयत ठेवून भागनार नाही."

देवमन भागीरथेकडे वळला. "हेच," तो पुटपुटला. "हेच बोलनं झालं व्हतं."

कुणी काही करायच्या आत पुंजाजीनं ओट्याच्या कडेला टेकवून ठेवलेली झेंड्याची काठी उचलली. झेंड्याचं कापड त्यानं काठीभोवती गुंडाळून टाकलं, ओझं नीट बांधावं तसं. धर्मपाल आडवा गेला तर म्हाताऱ्यानं त्याला छातीवर हात देऊन बाजूला सारलं. "सरकारी काम हाय मास्तरसायेब. बाजूले व्हा." आणि तो हिंगणीच्या वाटेला लागला.

मग जे व्हायचं तेच झालं. खुशालराव धर्मपालाची माफी मागायला लागला, धर्मपाल त्याची समजूत घालायला लागला, चार लोक सुभद्राबाईवर चिडले, चार लोक चिडणाऱ्यांवर चिडले. भागीरथेच्या हातात कुणीतरी चहाची कपबशी दिली होती, ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. तिनं ती सतरंजीवर ठेवली आणि धावत सुटली. तेव्हा कुठे धर्मपालानं वळून पाहिलं. म्हातारा पऱ्हाट्यांच्या पलीकडे गेला होता. येसकराची चाल ती, उभ्या जन्माची.

धर्मपालही धावला. तो तरणा होता, त्यानं भागीरथेला गाड्यांच्या चाकोरीतच मागे टाकलं. ती ओरडून म्हणाली, "थांबा, मले आधी बोलू द्या." पण तिला धाप लागली होती, आवाज तिच्या स्वतःच्याच छातीत राहिला. वाळलेल्या काळ्या मातीची ढेकळं पायाखाली फुटत होती. समोर शिवेचा धोंडा दिसत होता, शेंदराचा रंग उडालेला, आणि त्याच्या जवळ पुंजाजी उभा होता.

तो पुढे गेला नव्हता. वाट विसरला असेल, की कशाला निघालो तेच विसरला असेल. धोंड्यापाशी तो घुटमळला, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि गावाकडे तोंड करून उभा राहिला. हिंगणीहून परतलेला माणूस उभा राहावा तसा. भागीरथेनं ते लांबून पाहिलं. गावाकडून एक माणूस धापा टाकत शिवेवर त्याच्याकडे येत होता.

धर्मपाल त्याच्यापुढे जाऊन थांबला. पुंजाजी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहत होता.

"घरून आला काय बाप्पा?" त्यानं विचारलं. "माही पोट्टी कशी हाय?"

धर्मपालानं मागे वळून भागीरथेकडे पाहिलं. ओट्यापुढे धुळीत बसलेला बाप त्यानं नुकताच पाहिला होता. त्याच्या चेहऱ्यावरचं ते सगळं लोखंड उतरून गेलं होतं. इतक्या महिन्यांचा धडा आज शेवटी म्हणून दाखवतो, अशा नजरेनं तो तिच्याकडे पाहत होता. भागीरथा दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होती. तिला वाटलं त्याला कळलं. पण तो वळला, त्यानं बापाचे खांदे धरले आणि जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

"बरी हाय," तो म्हणाला. "बरी हाय, बा. चाला घरी."

पुंजाजीनं त्याचे हात खांद्यांवरून काढले. मग त्यानं काठी शिवेच्या धोंड्यावर आडवी ठेवली. डोक्याचं मुंडासं सोडलं, त्याची घडी केली.

"म्हंजे गेली," तो म्हणाला.

तो रडला नाही, कपाळ आपटलं नाही. खाली बसला आणि गावाकडे पाहत राहिला. धर्मपाल त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून पुन्हा पुन्हा सांगत होता, नाही बा, खेळून राहिली, शेजारी गेली, आणि जितकं जास्त सांगत होता तितका म्हातारा त्याच्याकडे कीव आल्यासारखा पाहत होता. भागीरथा पोचली तेव्हा सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

ज्वारीच्या गाडीत घालून त्यांनी पुंजाजीला परत आणलं. फेरी पुढे अकोल्याला गेली, तिला जायलाच हवं होतं. गाडीत भागीरथेनं देवमनची गोष्ट नवऱ्याला सांगितली. धर्मपालानं सगळी ऐकली. घर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "मंग काय म्हनाचं होतं मी?" 

डॉक्टर म्हणाले होते की आणखी एक धक्का सोसणार नाही, पण काळीज काही फुटलं नाही. पुंजाजी नुसता कमी कमी होत गेला. भाकरीचा अर्धा तुकडा खायचा, मग तोही राहिला. आपलं नाव विसरला, हात कशानं धुवायचे ते विसरला, झोपायचं कसं ते विसरला. भागीरथेला वाटायचं, हेही विसरेल. पूर्वी विसरला होता तसा एका संध्याकाळी उठून बसेल आणि विचारेल. रोज दिवेलागणीला ती चिमणी लावायची आणि उत्तर ओठांवर धरून उभी राहायची. ओसरीवरून आवाज यायचा नाही.

होळीला चार दिवस असतील. तिला राहवलं नाही. चिमणी कोनाड्यात ठेवून ती ओसरीवर गेली, त्याच्याजवळ बसली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, "खेळाले गेली मामाजी, शेजारी. येते आत्ता."

पुंजाजीनं मान वळवली. बऱ्याच दिवसांत त्यानं कुणाकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं. भ्रम झालेल्या माणसाशी बोलावं तसा तो हळू, समजावून बोलला. "गेली वो ते, बाई. तू असं काहून करून राहिली?" मग त्यानं आपला वाळका हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.